पासवर्ड बनवणे आणि सांभाळणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीतल्यांचे फोन आणि कॉम्प्युटर आवरून देता देता हे प्रश्न इतक्यांदा ऐकले, की उत्तरं एकदाची लिहून काढली. क्रम फारसा लावलेला नाही. घाईत असाल तर आधी "शंभरेक खाती आहेत, सुरुवात कुठून करू?" हा प्रश्न वाचा.

माझ्या खात्यात असं काय आहे, की कोणी ते फोडायला बसेल?

तुमच्यासाठी म्हणून कोणी बसत नाही. चोरलेल्या ईमेल-पासवर्डच्या याद्या फिरत असतात. एखादा प्रोग्रॅम त्या जोड्या एकामागून एक शेकडो साइटवर लावून बघतो आणि जिथे दार उघडतं त्याची नोंद करतो. माणूस येतो तो नंतर, उघडलेल्या दारांची यादी हातात घेऊन. खात्यात काही नसलं तरी चालतं त्याला. तुमच्या नावाने तुमच्या मित्रांकडे पैसे मागायला रिकामं खातंही पुरतं.

एकच पासवर्ड, पण एकदम भक्कम, सगळीकडे वापरला तर?

नको. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

पासवर्ड भक्कम ठेवणं तुमच्या हातात असतं, पण समोरची साइट तो कसा सांभाळते हे तुमच्या हातात नसतं. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीचा डेटाबेस फुटला, तेव्हा ३ कोटी २० लाख पासवर्ड जसेच्या तसे, वाचता येतील असे साठवलेले सापडले. सर्वांत लोकप्रिय होता १२३४५६. पण त्यात कोणी चाळीस अक्षरी पासवर्ड ठेवला असता, तरी तोही त्याच पंगतीत उघडा पडला असता.

मोठ्या कंपन्या बऱ्या असतील म्हणावं, तर २०१२ मध्ये लिंक्डइन फुटलं. सुरुवातीला ६५ लाख पासवर्ड गेल्याचं दिसलं. २०१६ मध्ये त्याच चोरीतली ११ कोटी ७० लाख खाती विक्रीला आली. हे पासवर्ड थेट वाचता येणारे नव्हते, त्यांचे 'हॅश' साठवलेले होते. हॅश म्हणजे पासवर्ड दळून काढलेलं पीठ. पिठाचे परत दाणे होत नाहीत. पण चोर उलटीकडून येतो. तो अंदाजाने पासवर्ड घेतो, तो दळतो आणि पीठ जुळतं का बघतो. प्रत्येकाच्या पासवर्डमध्ये दळायच्या आधी वेगळं 'मीठ' मिसळलं, तर एकदा दळलेलं सगळ्यांसाठी वापरता येत नाही. लिंक्डइनने ते मीठ घातलं नव्हतं. मीठ हा माझा विनोद नाही, तांत्रिक शब्दच 'सॉल्ट' आहे, आणि रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्पसन यांनी ही युक्ती १९७९ सालीच लिहून ठेवली होती.

त्याच २०१२ मध्ये ड्रॉपबॉक्सने कळवलं, की इतर साइटवरून चोरीला गेलेले पासवर्ड वापरून काही खाती उघडली गेली आणि चोरलेल्या एका पासवर्डने त्यांच्या एका कर्मचाऱ्याच्या खात्यातही शिरकाव झाला. चोरी एकीकडे होते आणि दार दुसरीकडचं उघडतं, ते असं.

मग मूळ पासवर्ड तोच ठेवून शेवटी साइटचं नाव जोडलं तर? प्रत्येक ठिकाणी वेगळा झालाच की.

ही युक्ती आपल्यालाच सुचली असं प्रत्येकाला वाटतं. एक पासवर्ड फुटला आणि त्याच्या शेपटाला साइटचं नाव दिसलं, की उरलेले सगळे सांगायला ज्योतिषी लागत नाही. पासवर्ड फोडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये शेपूट बदलून बघायचे नियम आधीपासून असतात. 'ए'च्या जागी @, 'एस'च्या जागी $, पहिलं अक्षर कॅपिटल, शेवटी जन्मसाल आणि उद्गारचिन्ह हेसुद्धा त्यांच्या नियमांत आहेत.

मजबूत पासवर्ड म्हणजे नेमका कसा?

लांब, आणि डोक्यातून न काढलेला. दुसरी अट लोक विसरतात. माणूस 'काहीही' टाइप करतो तेव्हा ते काहीही नसतं. बोटं ठरलेल्या वाटेने जातात, मन ओळखीच्या नावांकडे वळतं.

लांबीचं गणित करून बघू. चोराच्या हातात हॅशची यादी आहे, साइटने जुनाट, झटपट दळणारी पद्धत वापरली आहे आणि चोर सेकंदाला १,००० कोटी अंदाज तपासतो असं धरा. एमडी५सारख्या जुन्या पद्धतीपुढे एकच ताकदवान ग्राफिक्स कार्ड याहून जास्त अंदाज तपासतं.

आठ अक्षरं, सगळी छोट्या लिपीतली: २०,८८२ कोटी शक्यता. सगळ्या संपायला २१ सेकंद लागतात. म्हणजे तुम्ही हे वाक्य वाचून चहाचा कप उचलेपर्यंत.

आठ अक्षरं, पण कॅपिटल, आकडे, चिन्हं सगळं मिसळून आणि खरोखर यादृच्छिक: सुमारे पावणेआठ दिवस.

सोळा अक्षरं, सगळी छोट्या लिपीतली, चिन्ह एकही नाही: १ लाख ३८ हजार वर्षं.

म्हणून "किमान एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह" असं दटावून आठ अक्षरांवर समाधान मानणारी साइट दिसली, की मला चीड येते. चांगल्या साइट मुद्दाम हळू दळणाऱ्या पद्धती वापरतात (बीक्रिप्ट, आर्गॉन२ ही नावं कुठे दिसली तर बरं समजा), तिथे चोराचा वेग फार खाली येतो. पण कुठल्या साइटने काय वापरलंय हे बाहेरून दिसत नाही, म्हणून हिशेब वाईटात वाईट परिस्थितीचा करायचा.

लांब आणि यादृच्छिक, पण लक्षात राहणारा पासवर्ड बनवता येतो का?

येतो. फासे घ्या. साधे, सहा बाजूंचे.

ही पद्धत आर्नल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये मांडली, नाव 'डाइसवेअर'. एका यादीत ७,७७६ शब्द असतात आणि प्रत्येकापुढे पाच आकडी क्रमांक असतो, प्रत्येक आकडा १ ते ६ मधला. फासा पाच वेळा टाकायचा, आलेले आकडे ओळीने लिहायचे, त्या क्रमांकाचा शब्द घ्यायचा. असे सहा शब्द. इंग्रजी याद्या फुकट मिळतात. इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशनने २०१६ मध्ये काढलेली यादी टाइप करायला सोपी आहे.

इंग्रजी शब्द डोक्यात राहत नसतील तर मराठी यादी स्वतः करा. चार फाश्यांसाठी १,२९६ शब्द लागतात. सुट्टीच्या एका दुपारचं काम आहे. समजा फासे टाकून आले: कंगवा, पायरी, तिरका, शिंपी, ढग, उशीर. हे ओळीने रोमन लिपीत टाइप करायचं. डोक्यात चित्र उभं करा: कंगवा घेऊन पायरीवर तिरका बसलेला शिंपी, वर ढग आले आहेत आणि त्याला उशीर होतोय. दोन दिवस रोज चार वेळा टाइप केलंत की बोटांनाच पाठ होतो. (हे सहा शब्द आता वापरू नका, इथे छापून झाले.)

एक पथ्य. शब्द आवडला नाही म्हणून फासा परत टाकायचा नाही. निवड तुमची झाली की गणित मोडलं.

किती शब्द पुरेत? वरच्याच वेगाने, ७,७७६ च्या यादीतले चार शब्द सव्वाचार दिवसांत संपतात, पाच शब्द नव्वद वर्षांत, सहा शब्द सात लाख वर्षांत. १,२९६ ची यादी असेल तर सहा शब्द साधारण पंधरा वर्षं टिकतात, सात घेतले तर हजारो वर्षं.

आवडत्या गाण्याची ओळ किंवा एखादी म्हण चालेल?

नाही. जे आधी कुठेतरी छापलेलं आहे ते यादीत असू शकतं.

पासवर्ड देवनागरीतच ठेवला तर? चोराला मराठी कुठे येतंय?

हा प्रश्न मला फार आवडतो, उत्तर मात्र 'नको' असंच आहे. कारण चोर नाही, कीबोर्ड आहे.

'वाऱ्यावर' हा शब्द घ्या. त्यातला 'ऱ्य' एका कीबोर्डवर 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, हलन्त आणि 'य' असा बनतो. दुसऱ्यावर साधा 'र', हलन्त, मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह आणि 'य' असा. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण कॉम्प्युटरच्या लेखी ते दोन वेगळे पासवर्ड. फोनवर ठेवलेला पासवर्ड कॉम्प्युटरवर चालत नाही आणि तुम्ही डोळे ताणून स्पेलिंग तपासत बसता. आकड्यांचं तेच: मराठी ५ आणि इंग्रजी पाच हे वेगळे. त्यात पासवर्डच्या चौकोनात अक्षरांऐवजी टिंबं दिसतात, म्हणजे काय उमटलं तेही कळत नाही.

आणखी एक खोच. बीक्रिप्ट ही पद्धत पहिले ७२ बाइटच बघते. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-मात्रा-वेलांटी नेहमीच्या साठवणीत ३ बाइट खाते. 'कंगवा' हा शब्दच १५ बाइटचा. म्हणजे २४ चिन्हांनंतर तुम्ही काय लिहिलंत याला काही साइटवर किंमतच नसते.

म्हणून शब्द मराठी, टाइप रोमनमध्ये. इथेही एक खड्डा आहे: 'व'ला व्ही की डब्ल्यू? दीर्घ 'ई'ला एक आय की दोन ई? आज एक, सहा महिन्यांनी दुसरं. स्वतःपुरता नियम एकदा ठरवा, किंवा यादी करतानाच 'व' आणि दीर्घ स्वर असलेले शब्द गाळा. मी गाळतो.

पासवर्ड मॅनेजर म्हणजे सगळ्या किल्ल्या एकाच कपाटात. ते कपाटच फुटलं तर?

शंका रास्त आहे. (मॅनेजर म्हणजे तुमचे सगळे पासवर्ड एका कुलूपबंद तिजोरीत सांभाळणारा प्रोग्रॅम. ती तिजोरी उघडणारा एकच पासवर्ड तो 'मास्टर'.) २०२२ मध्ये लास्टपास या कंपनीकडून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. आतले पासवर्ड ग्राहकाच्या मास्टर पासवर्डने कुलूपबंद होते. ज्यांचा मास्टर लांब आणि वेगळा होता त्यांचं कुलूप टिकण्याजोगं, ज्यांचा लेचापेचा होता त्यांना खरी काळजी. शिवाय साइटचे पत्ते कुलपाबाहेर होते, म्हणजे कोणाचं खातं कुठे आहे हे चोरांना दिसलं.

हे सगळं माहीत असूनही मी मॅनेजर वापरतो. दुसरा पर्याय 'कपाट नाही' हा नसतोच. तो असतो तीन-चार किल्ल्या शंभर दारांना लावणं. आणि मॅनेजरचा एक गुण लोकांच्या लक्षात येत नाही: तो साइटचा पत्ता अक्षरशः जुळवतो. खोटं पान कितीही बेमालूम असलं आणि पत्त्यात एकच अक्षर फिरवलेलं असलं, तरी तो पासवर्ड भरत नाही. नेहमी आपोआप भरणारा चौकोन एक दिवस रिकामा राहिला तर हाताने टाइप करू नका. आधी वर पत्ता वाचा.

कुठला घ्यावा? बिटवॉर्डन फुकटात पुरेसा आहे. आपली तिजोरी दुसऱ्याच्या सर्व्हरवर नकोच असेल तर कीपासएक्ससी. मग फाइलची प्रत दोन ठिकाणी ठेवायची जबाबदारी तुमची. ब्राउझर किंवा फोनमधला मॅनेजरही चालेल, पण तो तुमच्या गूगल किंवा ॲपल खात्याइतकाच आणि फोनच्या पिनइतकाच सुरक्षित. पिन चार आकडी असेल तर आधी तो बदला.

वहीत लिहून ठेवले तर पाप लागेल का?

मुळीच नाही. दूर देशातल्या चोराला तुमच्या कपाटातली वही दिसत नाही. ज्याला मॅनेजर जमत नाही त्याने वेगवेगळे, लांब पासवर्ड वहीत लिहिणं हे एकच पासवर्ड पाठ करण्यापेक्षा कितीतरी बरं. वही घराबाहेर न्यायची नाही, तिचा फोटो काढायचा नाही. ऑफिसच्या टेबलावर किंवा मॉनिटरला चिकटवलेली चिठ्ठी म्हणजे वही नव्हे.

शंभरेक खाती आहेत, सुरुवात कुठून करू?

ईमेलपासून. बाकी सगळ्या साइटवरचं 'पासवर्ड विसरलात?' ईमेललाच येतं, म्हणून ईमेल ज्याच्या हातात त्याच्या हातात सगळं. आज फक्त एवढं करा: ईमेलला फासे टाकून नवा पासवर्ड, दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर ओटीपीसारखा कोडही मागणारी), आणि सेटिंगमध्ये जाऊन रिकव्हरीचा फोन नंबर व पर्यायी ईमेल तपासा. तिथे पाच वर्षांपूर्वी बंद झालेला नंबर सापडण्याची शक्यता दांडगी.

मग मॅनेजर बसवा. त्यानंतर पैसे आणि ओळखपत्रांशी संबंधित खाती, कामाचं खातं, सोशल मीडिया. ही दहा-बारा एका बैठकीत होतात. उरलेल्यांच्या मागे लागू नका. ज्या दिवशी ज्या साइटवर जाल त्या दिवशी तिचा बदला. विसरलेली खाती शोधायची असतील तर ब्राउझरमधली सेव्ह केलेल्या पासवर्डची यादी बघा आणि ईमेलमध्ये 'वेलकम' व 'व्हेरिफाय' हे शब्द शोधा. नको असलेली बंद करा.

बदलताना क्रम पाळा. आधी नवा पासवर्ड मॅनेजरमध्ये सेव्ह, मग साइटवर पेस्ट, मग लॉग आउट करून परत आत जाऊन बघा. ही शेवटची पायरी उगाच नाही. काही साइट पासवर्ड ठेवताना शेवटची अक्षरं मुकाट्याने कापतात आणि लॉगिनच्या वेळी मात्र पूर्ण तपासतात. तुमचा बरोबर पासवर्ड चूक ठरतो.

प्रत्येक नोंदीत कुठला ईमेल वापरला तेही लिहा. आणि जिथे 'गूगलने साइन इन' वापरलंय तिथे तसं लिहा, नाहीतर वर्षभराने त्याच साइटवर तुमचंच दुसरं खातं उघडून बसता.

दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायचा ना?

फुटल्याचा संशय असेल तर लगेच बदला. एरवी नाही.

या सवयीला मोठा हातभार लागला तो अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेच्या २००३ सालच्या मार्गदर्शिकेमुळे. ती लिहिणारे बिल बर आता निवृत्त आहेत आणि आपण त्यात लिहिलेल्या बऱ्याच गोष्टींचा पस्तावा होतो, असं त्यांनीच २०१७ मध्ये बोलून दाखवलं. त्याच वर्षी निस्टनेही ठरावीक मुदतीने बदलायची सक्ती नको आणि चिन्हं-आकड्यांची सक्तीही नको, असं लिहिलं.

कारण साधं आहे. माझ्या एका सहकाऱ्याच्या पासवर्डच्या शेवटी २३ होतं. तिमाहीला एक, म्हणजे नोकरीला पावणेसहा वर्षं झाली. पुढच्या तिमाहीत त्याचा पासवर्ड काय असेल हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

ओटीपी येतो म्हटल्यावर पासवर्ड कसाही चालेल?

एसएमएसचा ओटीपी नसण्यापेक्षा बरा, पण त्याच्यावर सगळा भार टाकू नका. मोबाइल कंपनीला गंडवून तुमच्या नंबरचं नवं सिम काढलं की ओटीपी चोराकडे जातो. २०१९ मध्ये ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांचंच ट्विटर खातं त्यांचा नंबर असा पळवून वापरलं गेलं.

ऑथेंटिकेटर ॲप त्याहून चांगलं. पहिल्यांदा क्यूआर कोड स्कॅन करताना एक गुप्त किल्ली फोनमध्ये येते. ती आणि घड्याळातली वेळ मिळून बहुतेक ठिकाणी दर ३० सेकंदांनी नवा आकडा बनतो. नेटवर्क लागत नाही. आकडा सारखा चूक येत असेल तर फोनचं घड्याळ मागेपुढे नाही ना, ते बघा.

आता माझी फजिती. ॲप फोनवर, बॅकअप कोडचा (फोन हाताशी नसेल तेव्हा आत शिरायला साइट आधीच देऊन ठेवते ते कोड) स्क्रीनशॉट त्याच फोनवर, आणि फोन पाण्याच्या बादलीत. एका सेवेने ओळख पटवून खातं परत द्यायला अकरा दिवस घेतले, आणि चूक त्यांची नव्हती. तेव्हापासून कोड कागदावर, कागद कागदपत्रांच्या फायलीत.

आईचं माहेरचं आडनाव, पहिली शाळा, अशा सुरक्षा प्रश्नांना काय उत्तर द्यायचं?

खोटं. २००८ मध्ये अमेरिकेतल्या उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचं याहू ईमेल एका तरुणाने जन्मतारीख, पिनकोड आणि नवऱ्याशी भेट कुठे झाली एवढ्या उत्तरांवर उघडलं. सगळी उत्तरं नेटवर होती. पहिली शाळा 'तिरका शिंपी' असली तरी साइटला फरक पडत नाही. मॅनेजरच्या नोंदीत लिहून ठेवा म्हणजे झालं.

माझा पासवर्ड फुटलाय का, हे कसं कळेल?

ट्रॉय हंट यांची 'हॅव आय बीन पोन्ड' ही साइट २०१३ पासून हेच काम करते. ईमेल टाका, कुठल्या चोरीत तो होता ते दिसतं. पासवर्ड तपासायची सोयही आहे आणि ती हुशारीने केलेली आहे: तुमच्याच मशीनवर पासवर्डचा हॅश बनतो, त्याच्या ४० अक्षरांपैकी पहिली ५ फक्त तिकडे जातात, तिकडून त्या पाचांनी सुरू होणाऱ्या सगळ्या हॅशची यादी येते आणि जुळणी तुमच्याकडे होते.

एखाद्या साइटने 'पासवर्ड विसरलात'वर तुमचा जुनाच पासवर्ड ईमेलने पाठवला, तर तो वाचता येईल असा साठवला आहे. तो दुसरीकडे कुठे वापरला असेल तर आजच बदला.

पासकी काय भानगड आहे? आता पासवर्ड जाणार म्हणतात.

मे २०२२ मध्ये ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून पासकीला, म्हणजे पासवर्डच्या जागी वापरायच्या डिजिटल किल्लीला, पाठिंबा जाहीर केला. यात दोन किल्ल्या बनतात. गुप्त किल्ली तुमच्याकडे राहते, साइटकडे फक्त तिची जोडीदार जाते. साइट फुटली तरी चोरण्यासारखं काही नाही, आणि खोट्या पानावर ती चालतच नाही. जिथे मिळेल तिथे घ्या. पण बहुतेक ठिकाणी जुना पासवर्डही मागच्या दाराला तसाच लटकत राहतो, त्यामुळे तोही नीट हवा.

माझ्यानंतर घरच्यांना हे सगळं कसं मिळेल?

गूगलमध्ये 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे, ॲपलमध्ये 'लेगसी कॉन्टॅक्ट'. दोन्ही पाच मिनिटांत होतात. शिवाय एक कागद: ईमेलचा पासवर्ड, मॅनेजरचा मास्टर पासवर्ड, फोनचा पिन, बॅकअप कोड. पाकिटात बंद करा, महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवा, आणि पाकीट कुठे आहे हे एका माणसाला सांगा.

मास्टर पासवर्डच विसरलो तर?

वरचं पाकीट उघडा. ते केलं नसेल, तर बहुतेक मॅनेजर कंपन्यांनाही तुमची तिजोरी उघडता येत नाही. तशीच ती बांधलेली असते. मग ईमेलपासून परत सुरुवात, एकेका साइटवर 'पासवर्ड विसरलात?' दाबत. ईमेलचा पासवर्ड पाठ असेल तर एका शनिवार-रविवारचं काम. तोही तिजोरीतच असेल, तर एखाद्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर ईमेल अजून उघडं आहे का ते आधी बघा, आणि कोणी कितीही सांगितलं तरी तिथून लॉग आउट करू नका.